जॉर्जियातली चर्चं : किती बघावीत, आत कसं वागावं, आणि मेणबत्ती लावावी का?

उंबरठा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई, बाबा, बायको आणि मी असे चौघं जॉर्जियाला चाललोय. आठ दिवस. व्हिसा-तिकिटांचं झालंय, ते विचारत नाहीये.

मी केलेल्या यादीत नऊ चर्चं आणि मठ निघाले. बायकोने यादी वाचून "ही सहल आहे की परिक्रमा?" एवढंच विचारलं. बाबा पक्के नास्तिक. घरी गणपतीची आरती चालू असली की ते बाल्कनीत पेपर वाचतात. त्यांचं म्हणणं, इमारत बाहेरून बघेन, आत काय ठेवलंय? आई बरोब्बर उलटी. कुठलाही देव दिसला की तिचे हात जोडले जातात. ती साडीच नेसते, आणि तिचा प्रश्न आहे की तिथे आपण दिवा लावला तर चालतो का.

युरोपातली कॅथलिक चर्चं आम्ही पाहिली आहेत. तिथे बाकं असतात, मागे गुपचूप बसता येतं. जॉर्जियातली चर्चं ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची, आणि तिथे म्हणे बसायलाच काही नसतं. मग आपल्यासारख्या बाहेरच्याने उभं राहायचं कुठे आणि करायचं काय? नऊमधली कुठली गाळू? अनुभवी लोकांनी सांगा.

झोळीवाला
नऊ नको. चार. स्वेतित्स्खोवेली, ज्वारी, गेलाती आणि गेर्गेती. बाकीची परत जाल तेव्हा.

टवाळ_कार्टं
ज्वारी? भाकरी मिळते का तिथे? पिठल्याची सोय आपली आपण करू.

झोळीवाला
टवाळ, हा विनोद होणार हे माहीत असूनही लिहिलं. :) जॉर्जियन भाषेत ज्वारी म्हणजे क्रूस. चौथ्या शतकात संत निनो नावाची बाई कप्पादोकियातून आली आणि तिने राजाला ख्रिस्ती केलं. त्या टेकडीवर तेव्हा मोठा लाकडी क्रूस उभारला होता, त्या जागी सहाव्या शतकाच्या अखेरीस हे चर्च बांधायला घेतलं. छोटंसं आहे, आत पाच मिनिटांत बघून होतं. खरं काम बाहेर आहे. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली मत्क्वारी आणि अराग्वी या दोन नद्यांचा संगम दिसतो. दोघींच्या पाण्याचा रंग वेगळा, थोडं अंतर दोघी एकमेकींना न विचारता शेजारून वाहतात. बाबांना इथे न्याच, त्यांना आत जावंही लागणार नाही.

माजघर
आईंची अजिबात काळजी करू नका. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाईच्या डोक्यावर काहीतरी हवं आणि पाय झाकलेले हवेत. साडी आणि डोक्यावर पदर, झालं काम. मी जीन्समध्ये गेले होते तर दारातल्या खोक्यातला बांधायचा घागरा कमरेला गुंडाळावा लागला. माझ्या आधी तो किती जणींनी गुंडाळला होता देव जाणे. सुनबाईंना सांगा, स्वतःची ओढणी आणि लांब स्कर्ट जवळ ठेवा. पुरुषांना हाफ पँट चालत नाही, आणि आत टोपी काढायची. आपल्या नेमकं उलट, पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं.

मला सगळ्यात जड गेलं ते चपला न काढणं. तीन वेळा दारात थबकून सँडलचा पट्टा सोडायला वाकले. नवरा म्हणाला, "चल, इथे जोडे सांभाळायला कुणी नाही."

दोन_ताल
गाणं ऐकल्याशिवाय येऊ नका. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी जा. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्य नसतं, नुसते आवाज. जॉर्जियन गायन तीन पदरी असतं. आपल्याकडे एका स्वराच्या आधाराने राग उलगडतो, इथे तीन आवाज आपापल्या वाटेने चालतात आणि मधेच असे एकमेकांवर घासतात की आपला कान म्हणतो, बेसूर झालं. मग ते सुटतात. त्या सुटण्यासाठी थांबायचं. प्रार्थना दोन तास तरी चालते, पण लोक मधे येतात-जातात, त्यामुळे अर्ध्यातून निघालात तरी कुणी बघत नाही.

सडेतोड
मला एक कळत नाही. आपल्या देवळात कुणी परदेशी माणूस आरतीच्या वेळी कॅमेरा घेऊन घुसला की आपण नाकं मुरडतो. मग आपण त्यांच्या प्रार्थनेत 'सांस्कृतिक अनुभव' घ्यायला जायचं हे बरं चालतं? प्रार्थना नसेल तेव्हा जा, बघा, बाहेर या. आणि बायकांनीच डोकं झाका हा नियम मला तरी पटत नाही. मी असल्या ठिकाणी बाहेरूनच फोटो काढते.

माजघर
सडेतोड, नियम मलाही पटत नाही. पण ते माझं घर नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर पाटावर बसवलं तर पाटावर बसते.

सडेतोड
पाटावर सगळ्यांना बसवतात हो. फक्त बायकांना नाही.

माजघर
हे मात्र खरं. :)

रिकामटेकडा_राजे
अजून ॲथॉसचं नाव कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. ग्रीसमध्ये ॲथॉस पर्वतावर वीस मठ आहेत आणि तिथे बाईला प्रवेशच नाही. अगदी पाळीव जनावरांतही माद्या ठेवत नाहीत, मांजरी तेवढ्या चालतात. पुरुषांनाही परवाना काढून, बोटीने जावं लागतं.

सडेतोड
बघा! आपल्याकडे शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ साली बायकांना खुला झाला. आणि हे युरोपियन लोक आपल्याला शिकवणार.

रिकामटेकडा_राजे
मांजरींनाही आता परवाना लागू करावा अशी मागणी...

धागा_राखणदार
मंडळी, शनिशिंगणापूरवर आधीच चार धागे आहेत आणि चारही मला कुलूपबंद करावे लागलेत. जॉर्जियात राहू या.

कोरीव_लेणं
स्वेतित्स्खोवेलीबद्दल थोडं लांब लिहितो, कारण लोक तिथे अर्ध्या तासात उरकतात. म्त्स्खेता ही जुनी राजधानी, तिबिलिसीहून अर्ध्या तासावर. कॅथीड्रल १०१० ते १०२९ या काळात बांधलं. आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. पूर्वेच्या भिंतीत बैलांची दोन दगडी डोकी बसवलेली दिसतील. ती त्याआधीच्या, पाचव्या शतकातल्या चर्चची. उत्तरेच्या भिंतीवर वर बघा, एक हात कोरलाय, हातात कारागिराचा गुण्या. शेजारच्या लेखाचा अर्थ साधारण असा: देवाचा दास अर्सुकिद्झे याचा हा हात, त्याला क्षमा असो.

गाईड सांगेल की शिष्याचं काम बघून गुरूला मत्सर वाटला आणि त्याने हात तोडवला. लेखात तसलं काही नाही. बांधणाऱ्याने देवापुढे हात पुढे केलाय एवढंच. पण 'तोडलेला हात' विकला जातो, 'जोडलेला हात' विकला जात नाही.

नावाचा अर्थ 'जीवन देणारा स्तंभ'. कथा अशी की ख्रिस्ताला सुळावर दिलं तेव्हा म्त्स्खेताचा एक ज्यू रहिवासी जेरुसलेममध्ये होता, तो ख्रिस्ताचा अंगरखा घेऊन आला. त्याच्या बहिणीने, सिदोनियाने, तो छातीशी धरला आणि तिथेच प्राण सोडला. तो तिच्या हातातून सुटेना म्हणून तिच्यासकट पुरला. थडग्यावर देवदार उगवला, त्याच देवदाराचे खांब पहिल्या चर्चसाठी कापले. आतला चौकोनी चित्रमय खांब त्या जागी आहे असं मानतात.

भिंती पांढऱ्या दिसतील. १८३० च्या दशकात, रशियन अंमलात, बरीच चित्रं चुन्याखाली गेली. जी उरलीत ती शोधून बघावी लागतात.

गडकरी_नव्हे_गडी
अर्सुकिद्झेवरून हिरोजी आठवले. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' कोरलंय. आख्खा गड बांधला आणि नाव ठेवलं पायरीवर.

कोरीव_लेणं
गडी, पायरीचा विषय काढलात तर गेलातीला जावंच लागेल. कुताईसीजवळचा मठ, ११०६ साली राजा डेव्हिड चौथा याने बसवला. त्याला 'बांधणारा' अशीच पदवी आहे. तिथे विद्यापीठासारखी अकादमीही होती. त्याने स्वतःचं थडगं सांगितलं कुठे? मठाच्या दरवाजात. आत येणाऱ्या प्रत्येकाचा पाय आपल्यावर पडावा म्हणून. प्रचंड मोठी शिळा आहे.

इंद्रायणीकाठचा
ही तर नामदेवांची पायरी! पंढरपूरला महाद्वारात. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेव पायरीखाली गेले, आणि आज आपण सगळे ती ओलांडून जातो, पाय लागू नये म्हणून.

कोरीव_लेणं
तिथेही तेच. लोक कडेकडेने जातात. राजाने मागितलेली एकच गोष्ट त्याला कुणी देत नाही.

(गेलातीत छताच्या कामानंतर गळतीने भित्तिचित्रांना ओल लागली, त्यामुळे आत दुरुस्तीच्या परांच्या दिसल्या तर निराश होऊ नका. अर्धगोल छतातली मेरीची सोनेरी पार्श्वभूमीची मोझेक मात्र मान दुखेपर्यंत बघा.)

खाऊगल्ली
आईंचा उपास असेल किंवा घरात शाकाहारी कुणी असेल तर एक शब्द पाठ करा: समार्ख्वो. म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स उपासाला मांस, दूध, अंडी काही चालत नाही, आणि बुधवार-शुक्रवार बरेच जण पाळतात, त्यामुळे हॉटेलवाल्याला शब्द लगेच कळतो. लोबियानी म्हणजे राजम्याची भरलेली पोळी. वांग्याच्या कापात अक्रोडाचं वाटण गुंडाळून देतात ते नुसतं स्वर्ग. खाचापुरीत चीज असतं, ते उपासाला नाही पण शाकाहाऱ्याला चालेल.

शेजारच्या_अम्मा_च्या_शेजारी
पुण्यात आमच्या शेजारी मलंकारा ऑर्थोडॉक्स मल्याळी कुटुंब आहे. मला वाटायचं हे आणि रशिया-जॉर्जियावाले एकच. काकूंनी समजावलं की नाही. ४५१ साली कॅल्सेडनच्या धर्मसभेनंतर वाटा फुटल्या. केरळची, आर्मेनियाची, इथिओपियाची चर्चं एका बाजूला, ग्रीक-रशियन-जॉर्जियन दुसऱ्या. आणि गंमत म्हणजे काकूंच्या चर्चमध्ये चपला बाहेर काढतात! माजघर, तुम्ही त्यांच्याकडे या.

विदर्भकन्या_बुखारेस्ट
मेणबत्तीचं कुणीच सांगत नाहीये म्हणून माझी फजिती सांगते. लावता येते हो, खुशाल लावा. दारात एक काउंटर असतो, पातळ पिवळ्या मेणबत्त्या मिळतात, पैसे टाकायचे, आत नेऊन लावायची. तुमचा धर्म कुणी विचारत नाही.

पण मी राहते रोमानियात. इथे मेणबत्त्या लावायचे दोन वेगवेगळे ट्रे असतात, बाहेरच्या बाजूला. एकावर लिहिलेलं 'व्ही आय आय', दुसऱ्यावर 'मोर्त्स'. पहिल्याच वर्षी सासूबाई आजारी होत्या, म्हटलं त्यांच्या नावाने लावू. पहिला ट्रे मला वाटला सात नंबरचा, रोमन आकडा! तो भरलेला होता म्हणून दुसऱ्यात लावली. मनोभावे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझा खांदा थोपटला, डोळ्यांत पाणी आणून काहीतरी बोलली. घरी येऊन शब्दकोश उघडला. 'वी' म्हणजे जिवंत. 'मोर्त्स' म्हणजे मेलेले.

सासूबाई ठणठणीत आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

टवाळ_कार्टं
धाग्याची लिंक त्यांना पाठवू का? :P

विदर्भकन्या_बुखारेस्ट
खबरदार!

आणि हो, एक गंभीर सूचना. प्रार्थनेच्या शेवटी लोक पाद्रीसमोर रांगेत उभे राहून चमच्याने काहीतरी घेतात. ते तीर्थ समजून रांगेत लागू नका. तो त्यांचा संस्कार आहे, बाप्तिस्मा झालेल्या ऑर्थोडॉक्स माणसांसाठीच. बाहेर कुणी पावाचा तुकडा हातावर ठेवला तर मात्र घ्या. समोरची चित्रांची भिंत ओलांडून आत जायचं नाही, तो गाभारा समजा. तिथे त्यांचे सामान्य पुरुषही सहसा जात नाहीत.

मांडवीकाठ
उंबरठा, तुमची आई मूळची कुठली? आम्हा गोंयकारांची जॉर्जियाशी सोयरीक आहे म्हणून विचारतो.

ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा सगळ्यांनी पाहिला असेल. ४६ मीटर उंच, अर्धा कोसळलेला. चर्चचं छत १८४२ मध्ये पडलं. त्या अवशेषांत जॉर्जियाची एक राणी होती.

केतेवान, काखेती प्रांताची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराझमध्ये वर्षानुवर्षं ओलीस ठेवलं, धर्म बदल म्हणून. तिने मानलं नाही. १६२४ मध्ये हालहाल करून मारलं. तिथे पोर्तुगीजांचे ऑगस्टीनियन साधू होते, त्यांनी तिचे अवशेष गुपचूप काढले आणि १६२७ मध्ये त्यातला काही भाग गोव्याला आणला. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागेचा पत्ता होता, अमुक खिडकीजवळची काळ्या दगडाची पेटी. पण खिडकीच ढिगाऱ्याखाली! शेवटी २००४ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याला हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए काढला. जो आनुवंशिक गट निघाला तो भारतात तपासलेल्या वीस हजारांहून जास्त लोकांत कुणातच नव्हता, जॉर्जियात मात्र सापडला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग तिबिलिसीला नेऊन दिला.

तिचा दिवस २६ सप्टेंबर. तुम्ही तेव्हा तिथेच आहात.

उंबरठा
मांडवीकाठ, अंगावर काटा आला. आईचं माहेर फोंडा! तो मनोरा तिने लहानपणापासून पाहिलाय. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे ती बिचारी चारशे वर्षं आमच्याकडे होती आणि आम्ही तिला चहा पण विचारला नाही."

यादी पाचावर आणली. २६ तारखेला काखेतीतलं अलावेर्दी.

झोळीवाला
अलावेर्दीचे साधू वाइन करतात. जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत, क्वेव्री म्हणतात. बाबांना हे आधी सांगा.

टवाळ_कार्टं
नास्तिकांची सोय झाली!

उंबरठा (दीड महिन्यानंतर)
परत आलो, दिवाळीच्या गडबडीत लिहायला उशीर झाला.

गेर्गेतीला धुकं. २१७० मीटरवर गेलो, काझबेक पर्वत म्हणून पांढरा पडदा बघितला. चर्चही हात लागेपर्यंत दिसलं नाही. आईला तेच आवडलं, "एकदम समोर उभं राहिलं" म्हणते.

२६ तारखेचं बोंबललं. गाडीचा पट्टा तुटला आणि अलावेर्दीला पोचलो तेव्हा प्रार्थना संपून लोक बाहेर अंगणात गप्पा मारत होते. आत रिकामं, गार, पन्नासेक मीटर उंच. आईने मेणबत्ती घेतली. दोन ट्रे आहेत का ते मी विदर्भकन्येमुळे आधी तपासलं, नव्हते. काउंटरवरच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. आईने बोट छातीवर ठेवलं, "गोवा", मग वर बोट करून "केतेवान". बाईंना दुसऱ्या वेळी कळलं. त्यांनी काउंटर तसाच सोडला, आईला हाताला धरून एका चित्रापाशी नेलं आणि मेणबत्तीचे पैसे परत दिले. आईने ते पेटीत टाकले. मग दोघी बराच वेळ आपापल्या भाषेत बोलत होत्या.

आता बाबा. रविवारी सकाळी स्वेतित्स्खोवेली. बाहेरची बैलांची डोकी, हात, सगळं त्यांनी कोरीव_लेणं यांचा प्रतिसाद छापून आणला होता तो धरून तपासलं. आम्ही आत गेलो, ते बाहेर. थोड्या वेळाने गाणं सुरू झालं. अर्ध्या तासाने मी वळून बघितलं तर खांबाला टेकून उभे. त्यांचा गुडघा दहा मिनिटं उभं राहू देत नाही. भिंतीकडेला म्हाताऱ्यांसाठी एक बाकडं होतं, मी खुणावलं, त्यांनी मान हलवली. पुढे आणखी वीस मिनिटं तसेच.

बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाले, "देवाबिवाचं मला सांगू नकोस. त्या खालच्या पट्टीतल्या माणसाने मधे कुठे श्वास घेतला ते मला सापडलं नाही."

दोन_ताल
कारण तिथे एकाहून जास्त जण असतात. आळीपाळीने श्वास घेतात. काकांना सांगा.

उंबरठा
सांगितलं. "मला वाटलंच" म्हणाले. वाटलं नव्हतं.

सडेतोड
छान लिहिलंय. सुनबाईंनी डोक्यावर काय घेतलं?

उंबरठा
पहिल्या दिवशी ओढणी. दुसऱ्या दिवसापासून तिने बाहेर थांबून रस्त्यावर चुर्चखेला खायला सुरुवात केली. द्राक्षाच्या रसात बुडवलेली अक्रोडाची माळ. तुमच्या पक्षाची आहे ती.

सडेतोड
तिला माझा नमस्कार.

माजघर
बाबांचा गुडघा कसा आहे?

उंबरठा
सुजला होता दोन दिवस. गेलातीच्या दारात ते त्या शिळेवरून चालत गेले, एकटेच. कडेने जाणाऱ्या एका बाईने रागाने बघितलं. बाबा म्हणाले, "त्यानेच सांगितलंय ना?"